गळका रेडिएटर

मोटार बाळगणाऱ्या घरांत रेडिएटरचें नांव बहुधा तो गळूं लागल्यावरच निघतें. आमच्या घरीं गाडीखालच्या फरशीवर रोज सकाळीं तळहाताएवढा हिरवट डाग दिसूं लागला. वातानुकूलनाचें ठिबकणारें पाणी स्वच्छ असतें. हें रंगीत व किंचित् बुळबुळीत होतें, तेव्हां शंकेला जागा नव्हती. दुरुस्ती करावी असें आम्हीं सुचविलें. परंतु गाडी दादांची, आणि तांब्याभर पाण्यानें भागतें तेथें हजारों रुपये घालणें हा उधळेपणा, असें दादांचें मत. संध्या आटोपली कीं ते स्वतः तांब्या घेऊन जात. पंधरा दिवस गाडी सुरळीत चालली व त्यांचें मत अधिकच बळावलें.

पण रेडिएटरमध्यें पाणी नुसतें सांठवावयाचें नसतें, तें दाबाखालींहि ठेवावयाचें असतें. उघड्या भांड्यांतील पाणी १०० अंशांवर उकळतें. रेडिएटरचें झाकण आंत जादा दाब धरून ठेवतें, म्हणून तेथें तें सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. गळतीनें पाणी जातें तें दिसतें, दाब जातो तो दिसत नाहीं. सपाट रस्त्यावर हें खपून जातें. घाटांत खपत नाहीं.

वाईस एका मुंजीला आम्ही सहाजण निघालों होतों. खंबाटकीच्या चढावर कांटा तांबड्या रेघेस भिडला आणि एकाएकीं खालीं आला. गाडी कडेला घेतली, तों पुढून वाफ येऊं लागली. “काका, कांटा उतरला, गाडी निवली!” म्हणत आमचा पुतण्या फडकें घेऊन झाकणाकडे धांवला. आम्हीं त्याचा हात धरला. पाणी पार खालीं गेलें म्हणजे उष्णता मोजणारा भाग कोरडा पडतो व कांटा खोटें सांगतो. अशा वेळीं झाकण उघडलें कीं दाब सुटतो, आंतील पाणी त्याच क्षणीं उकळून तोंडावर उसळतें. शिवाय तापलेल्या इंजिनांत गार पाणी ओतल्यास त्यास तडा जाण्याची भीति.

“मुहूर्त टळेल,” दादा म्हणाले. मुहूर्त टळला तरी चालेल, पण झाकणास कोणीं हात लावूं नये, असें आम्हीं त्यांस प्रथमच जरा चढ्या आवाजांत सांगितलें. पाऊण तास कोणी कोणाशीं बोललें नाहीं.

एका ट्रकवाल्यानें थांबून हळद सुचविली. हा आपल्याकडील चालकांचा जुना उपाय. हळद फुगून छिद्रांत बसते. अर्थात् ती बारीक नळ्यांतहि बसते, म्हणून मुक्काम गांठण्यापुरतीच ती बरी. वहिनींनीं आहेराच्या सामानांतून पुडी काढली. गाडी निवल्यावर पाणी व दोन चमचे हळद घालून आम्ही सावकाश वाईस पोहोंचलों. मंगलाष्टकें हुकलीं, पंगत मिळाली.

पूर्वींचे तांब्या-पितळेचे रेडिएटर डाख देऊन नीट होत. आतां आंत अॅल्युमिनियमची जाळी व टोकांस प्लॅस्टिकच्या टाक्या. आमचा सांध्यांतच फुटला होता. नवा बसवावा लागला. बरोबर योग्य मिश्रणाचें कूलंटहि भरलें, कारण रोजच्या तांब्यानें त्यांतील गंज रोखणारें द्रव्य पातळ होत गेलें होतें.

जुन्यांतून काढलेलें पिवळें पाणी कारागिरानें परातींत उघडें ठेवलें होतें. कूलंटमध्यें बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतें. तें चवीस गोड आणि पोटांत गेल्यास विष. अंगणांत एक कुत्रें हिंडत होतें. आम्हीं तसें बोलून दाखवितांच दादा उठले आणि परातीवर फळी ठेवून आले.