मोटारीचे कान

गेल्या श्रावणात आमच्या मोटारीला वाचा फुटली आणि वाचेबरोबर तिला कानही आले. भिंतींना कान असतात हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण मोटारीलाही ते बसवून मिळतात, ते हरभऱ्याच्या दाण्याएवढे असतात आणि त्यांना तीन मीटर लांबीची वायर असते, हे मला मात्र वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळले.

आमची मोटार म्हणजे २०११ सालची एक आल्टो. आम्ही तिचे दुसरे मालक. पहिल्या मालकाने तिच्यात टेप बसवलेला होता. (सीडी वाजवणाऱ्या यंत्रालाही आमच्याकडे टेपच म्हणतात, त्याला इलाज नाही.) हा टेप आमच्या घरी आल्यावर वर्षभर गायला आणि एके दिवशी जो मुका झाला तो झालाच. मी त्या मौनाला लवकरच सरावलो. मी राहतो वाईला, शाळा पाचगणीला. मधला रस्ता बारा-तेरा किलोमीटरांचा, पण त्यातला बहुतेक भाग पसरणीच्या घाटाचा. त्या घाटात गाणे नसले म्हणून कुणाचे काही अडत नाही.

अडले ते आईच्या फोनमुळे. आई कोरेगावकडच्या आमच्या खेड्यात एकटी राहत होती. एक घर, एक गाय आणि परसातली चार झाडे हा तिचा संसार. संध्याकाळी धार काढून झाली, देवापुढे दिवा लागला, की ती मला फोन करी. तिची दिवेलागण आणि माझे घाट उतरणे या दोन गोष्टींची वेळ एकच होती. फोन घेतला नाही तर ती रात्रभर काळजी करणार, म्हणून मी तो कान आणि खांदा यांच्यामध्ये धरून, मान वाकडी करून घाट उतरत असे. एकदा समोरून एस.टी. आली आणि खांद्यावरचा फोन पायाशी पडला. तो उचलायला मी वाकलो नाही, म्हणून हा लेख लिहायला आज शिल्लक आहे. घरी येऊन ही हकीकत मी गंमत म्हणून सांगितली; पण घरात कुणालाच ती गमतीची वाटली नाही.

"अहो, एक तर तो फोन तरी सोडा, नाहीतर ती गाडी तरी सोडा," सौ. म्हणाली. शिवाय २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून गाडी चालवताना फोन हातात धरणे हे धोकादायक चालवण्यातच मोडते, हे कन्येने तेवढ्यात सुनावले. घरात सरकारपक्ष आणि विरोधीपक्ष यांचे एकमत झाले, की माझ्यासारख्या अपक्षाला दुसरे काय उरते?

दुसऱ्या रविवारी मी मोटारीच्या वायरमनकडे गेलो. हा माझाच विद्यार्थी. चौथीत तो पाढ्यांत अडखळायचा आणि मी त्याला बाकावर उभा करायचो. त्याने त्या दिवशी माझे जुने देणे व्याजासकट फेडले.

"सर, तुमची गाडी सिंगल डिनची," तो म्हणाला. आमची मोटार दीन आहे हे मी जाणून होतो. पण त्याने ते इतक्या उघडपणे बोलावे याचे मला वाईट वाटले. मग त्याने उलगडा केला. डिन हे जर्मनीतल्या मानक ठरवणाऱ्या संस्थेचे नाव. तिने ठरवलेल्या मापाचा, सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असा खाचा जगभरच्या असंख्य मोटारींच्या पुढच्या फळीत ठेवलेला असतो. म्हणून एका देशात घडलेला टेप दुसऱ्या देशातल्या मोटारीत मुकाट्याने जाऊन बसतो. माणसांच्या बाबतीत अशी सोय अजून झालेली नाही.

त्याने आधी बॉनेट उघडले आणि दहाच्या पान्याने बॅटरीची काळी बाजू सोडवली. "आधी वीज तोडायची, सर, मग हात घालायचा." मग फळीची चौकट क्लिपांमधून अलगद उचकटून त्याने तो मुका टेप बाहेर ओढला. मागे वायरींचा असा गुंता निघाला, की मला माझ्या अर्धवट राहिलेल्या कादंबरीची आठवण झाली. पण त्याच्या लेखी तो गुंता नव्हताच. त्याने माझी तोंडी परीक्षा सुरू केली. पिवळी कशाची? मला येईना. पिवळी थेट बॅटरीची. मोटार बंद असली तरी ती जागी असते, म्हणून टेपला घड्याळ आणि स्टेशने लक्षात राहतात. तांबडी किल्लीची, किल्ली फिरली की उठते आणि किल्ली काढली की निजते. काळी अर्थची. या पिवळी-तांबडीची अदलाबदल झाली तर टेप वाजतो, पण मोटार बंद करताच सगळे विसरतो. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या स्पीकरच्या; प्रत्येकीची एक जोडीदारीण, तिच्या अंगावर काळी रेघ. एका स्पीकरच्या दोघी उलट जोडल्या, तर एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि गाण्यातला भारदस्त आवाजच नाहीसा होतो. हे सारे तो अशा सहजतेने सांगत होता, की याला आपण पाढ्यांसाठी बाकावर का उभे केले होते, असे मला वाटू लागले.

शेवटी आला माइक. टेपच्या पाठीत त्याची वायर खोचायची आणि दुसरे टोक माझ्या तोंडाजवळ आणून चिकटवायचे. "हा काचेच्या बाजूच्या खांबावर लावू," तो म्हणाला. "तुमच्या गाडीत एअरबॅग नाही म्हणून. नव्या गाड्यांत कधीकधी त्या खांबात एअरबॅग असते. तिथे वायर भलतीकडून ओढून चालत नाही." पण माझ्यातला मास्तर आता जागा झाला होता. इतका पैसा घालून घेतलेली वस्तू खांबाआड दडवायची? मी तो समोर, ए.सी.च्या जाळीशेजारी, सर्वांना दिसेल असा लावायला सांगितला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि 'बरं, सर' म्हणून सांगितले तसे केले.

संध्याकाळी आईचा फोन आला. घाटात धुके होते, काचेवरचा दमट धूर जावा म्हणून ए.सी. चालू होता. बोटाने एक बटण दाबताच मोटारभर आईचा आवाज घुमला. मी ऐटीत म्हणालो, "बोल, आई."

"आरं, हिरीत बसून बोलतुयास का काय?" आई म्हणाली. "आन् वारं कशाचं सुटलंय एवढं? मी बोलले की माझंच मला माघारी ऐकू येतंय!"

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप दुकानात गेलो. त्याने हसू दाबले आणि कारण सांगितले. जाळीतला वारा थेट माइकवर आदळत होता. आणि स्पीकरमधून मोठ्याने बाहेर पडलेला आईचाच आवाज माइकमध्ये शिरून परत तिच्याकडे जात होता. त्याने खांबावरची पट्टी ढिली करून वायर तिच्याआड घातली, माइक वर, डोक्याच्या उंचीवर आणला, त्याचे तोंड माझ्या तोंडाकडे फिरवले आणि स्पीकरचा आवाज बेताचा करायला सांगितले. त्या संध्याकाळी आई म्हणाली, "आता कसा, चुलीम्होरं बसून बोलल्यावानी ऐकू येतंय." मी मनातल्या मनात माझ्या विद्यार्थ्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

पुढचे काही दिवस मोठ्या सुखात गेले. मी या शास्त्राचा इतिहासही वाचून काढला. १९३० साली अमेरिकेतल्या गॅल्विन नावाच्या गृहस्थांच्या कंपनीने मोटारीत बसवायचा रेडिओ काढला आणि त्याच्या 'मोटोरोला' या नावातच मोटार गोवली. त्या काळीही, याने चालकाचे लक्ष उडेल, अशी ओरड झालीच होती. बिनतारी जोडणीचे 'ब्लूटूथ' हे नाव तर दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या एका राजाच्या टोपणनावावरून आलेले! राजा हॅरल्ड आणि कोरेगावकडची आमची आई यांचा असा ऋणानुबंध जुळलेला पाहून मला आनंद होई. हात मोकळे, नजर रस्त्यावर, कानात आईचा आवाज. आणखी काय हवे?

आणि मग भाद्रपदातली ती संध्याकाळ आली.

पाऊस होता. आईने आधी गाईचे सांगितले. हात दुखतात, धार काढवत नाही, गाय विकायला काढली आहे. मी 'हं' म्हणालो. वळण आले. पुढे एक ट्रक होता, समोरून दिव्यांचा झोत आला. आई बोलतच होती. मी 'हं, हं' म्हणत होतो. मग ती थोडी थांबून म्हणाली, "मंग… मी येऊ का तुझ्याकडं ऱ्हायाला?"

आणि मी म्हणालो, "बघू."

ट्रक पुढे गेला. आई "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. घाट संपून खाली सपाटी लागली तेव्हा कुठे तो प्रश्न माझ्या कानांतून मनात उतरला. माझे वडील गेल्याला नऊ वर्षे झाली. या नऊ वर्षांत मी शंभर वेळा 'चल' म्हटले आणि ती शंभर वेळा 'नको' म्हणाली. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा तिने विचारले होते. कादंबरी लिहिताना पात्राच्या तोंडी 'बघू' हा शब्द घालावा की नाही, यावर मी अर्धा अर्धा दिवस घालवला आहे. आईला तो शब्द द्यायला मला अर्धा क्षणही लागला नव्हता.

दुसरी गोष्ट त्याहून भीतीची होती. मधली दोन वळणे मला आठवेनात. मी ती उतरलो होतो हे नक्की. पण कशी, ते आठवेना. आम्ही मुलांना गणित घालतो: ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात किती मीटर जाईल? उत्तर, १० मीटर. माझे मन जितके सेकंद गावाकडच्या गोठ्यात गेले होते, तितके दहा दहा मीटर ती मोटार कुणी चालवली?

रात्री हे मी घरात सांगितले, तेव्हा कन्येने मोबाइल काढून वाचून दाखवले. कॅनडातल्या टोरांटोत ६९९ चालकांचा अभ्यास झाला होता, तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनमुळे तो कमी झाल्याचे त्यात आढळले नव्हते. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात २००८ सालच्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. शेजारी बसून बोलणाऱ्याने चालकाचे तितके बिघडत नाही; कारण त्यालाही रस्ता दिसतो आणि अवघड जागा आली की बोलणे आपोआप त्या रस्त्याकडे वळते. फोनवरच्या माणसाला बिचाऱ्याला वळण दिसत नाही. मी वायरमनकडून मोटारीला कान बसवून घेतले होते. पण ऐकणारे मन माझे एकच होते, आणि ते मी रस्त्याला आणि आईला अर्धे अर्धे वाटून दोघांनाही फसवले होते.

दुसऱ्या संध्याकाळी आईचा फोन आला नाही. तिसऱ्याही आला नाही. मी केला, तर म्हणाली, "तू गाडीत असशील, म्हनून न्हाई केला." रविवारी आम्ही तिघेही गावी गेलो. मी ओट्यावर तिच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "आई, परवा मी वळणावर होतो. तू काय विचारलंस ते मला ऐकूच आलं नाही. पुन्हा विचार." आईने माझ्याकडे पाहिले. तिला सारे समजले होते. पण आईच ती. तिने पुन्हा विचारले.

गाय शेजारच्यांनीच घेतली, त्यामुळे ती परकी झाली नाही. आई नवरात्राआधी वाईला आली. यंदा पहिल्या अंघोळीला आम्हा सर्वांच्या पाठीला उटणे तीच लावणार आहे, आणि चकलीची भाजणी बिघडल्याचा निकालही तिनेच दिला आहे. मोटारीतला माइक खांबावर आहे तिथेच आहे. कुणाचा फोन आलाच, तर मी घाटातल्या एका रुंद जागी मोटार कडेला घेतो, थांबतो आणि मग बोलतो. मोटार चालवताना बोलता यावे म्हणून घेतलेली वस्तू मी मोटार थांबवून वापरतो, याचे माझ्या विद्यार्थ्याला फार हसू येते. येऊ द्या. पूर्वी तो माझ्या वर्गात हसला की मी रागवत असे. आता तेवढा अधिकार उरलेला नाही.

परवा मी आईला माझी शाळा दाखवायला पाचगणीला नेले. ती पुढे, माझ्या शेजारी बसली होती. गावच्या कुणाच्या तरी लग्नाची मोठी रंगतदार हकीकत ती सांगत होती. नवरदेव मांडवात आला, एवढ्यावर येऊन ती एकाएकी थांबली. मी वाट पाहिली. मग म्हणालो, "अगं, बोल की. पुढं काय झालं?"

आई समोरच्या रस्त्याकडे पाहत होती. वरून एक एस.टी. उतरत येत होती.

"वळण जाऊ दे की आधी," आई म्हणाली.