स्वप्न खंडाचं, प्रश्न गल्लीचा

थाबो म्बेकींचं १९९६चं 'मी आफ्रिकन आहे' हे भाषण कॉलेजात वाचलं आणि मी भारावून गेलो. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले, 'आफ्रिकेचं पुनरुत्थान' हा दक्षिण आफ्रिकेच्या परराष्ट्र धोरणाचा गाभा झाला. २००२ मध्ये डर्बनला आफ्रिकन युनियनची सुरुवात झाली. वाटलं, जमलं!

पण मे २००८ मध्ये जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत झिम्बाब्वे, मोझांबिकहून पोटासाठी आलेल्यांवर हल्ले सुरू झाले. लोण देशभर पसरलं, साठहून जास्त माणसं मेली. मारणाऱ्यांच्या वस्तीतही धड काम नव्हतं, घरं नव्हती.

तेव्हापासून कुणी नेता जगाच्या गोष्टी करू लागला, की मी आधी विचारतो : शेजारच्या खोलीतला परका रात्री निवांत झोपतो का?