चार फुटांची गॅलरी

गिरगावातल्या आमच्या चाळीची गॅलरी चार फूट रुंद होती. समोरून कुणी भरलेली बादली घेऊन आलं, तर दुसऱ्याने कठड्याला टेकून वाट द्यायची, एवढीच. माझं लहानपण दोन खोल्यांत गेलं, असं मी लोकांना सांगते. खरं तर खोल्यांत आम्ही फक्त जेवायचो आणि झोपायचो. अभ्यास, भांडणं, पत्ते, केस विंचरणं, पापड वाळवणं, पाहुण्याची वाट बघणं हे सगळं गॅलरीत व्हायचं.

चाळ तीन मजली. मधे चौक आणि तिन्ही बाजूंनी खोल्या, त्यामुळे कुठल्याही दारात उभं राहिलं की बाकीची सगळी दारं दिसायची. कठडा सागवानी होता. आमच्या दारासमोरचा त्याचा हातभर तुकडा आजीच्या कोपरांनी इतका गुळगुळीत झाला होता, की डोळे मिटून हात फिरवला तरी आपलं घर आलं हे कळायचं. सकाळी साडेनऊच्या सुमाराला ऊन कठड्यावरून उतरून उंबऱ्यापाशी यायचं. ते आलं की आजी ताट घेऊन तांदूळ निवडायला बसायची. नळ गॅलरीच्या एका टोकाला आणि जिना दुसऱ्या टोकाला, त्यामुळे जाणारा-येणारा प्रत्येक जण तिच्यासमोरून जाई आणि दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे सरकत नसे. बारा नंबरच्या मावशी तर रोज विचारायच्या, "आज गुडघा काय म्हणतोय, आजी?"

एका सकाळी ऊन उंबऱ्यापाशी आलं, पण ताट आलं नाही. मावशींनी पाण्याची कळशी तिथेच ठेवली आणि आत डोकावून पाहिलं. आजी मोरीत पाय घसरून पडली होती. आई शाळेत शिकवायला गेलेली, बाबा कामावर. गॅलरीतल्या चौघांनी तिला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट जिन्यावरून खाली उतरवलं. आईला निरोप मिळून ती दवाखान्यात पोचेपर्यंत पायाला प्लास्टर घातलंही होतं. त्या माणसांच्या चांगुलपणाबद्दल आम्ही आयुष्यभर बोलत आलो. पण नळ गॅलरीच्या टोकाला नसता, तर त्या चांगुलपणाला आजी पडल्याचं कळलं कसं असतं, हा प्रश्न मला चाळ पडल्यानंतर सुचला.

आता त्या जागी बावीस मजली टॉवर आहे. खालचे काही मजले गाड्यांचे, वर माणसं. आई सतराव्या मजल्यावर राहते. एका मजल्यावर चार फ्लॅट, मधे पॅसेज. पॅसेजला खिडकी नाही, म्हणून तिथला दिवा भर दुपारीही जळतो. मी शनिवारी ठाण्याहून जाते, तेव्हा लिफ्टपासून आईच्या दारापर्यंत मला एकही माणूस भेटत नाही.

आई संध्याकाळी लाकडी दार उघडं टाकते, जाळीचं सेफ्टी डोअर लावून घेते आणि आतल्या बाजूला खुर्ची ओढून बसते. समोर लिफ्टचं स्टीलचं दार आणि त्याच्यावरचे लाल आकडे. एवढंच दिसतं. मागे एकदा मला म्हणाली, "आज लिफ्ट सोळावर चारदा थांबली. त्यांच्याकडे कुणी आजारी आहे का गं?" ज्या बाईला तीन मजल्यांवर कुणाकडे कसली भाजी शिजते आहे ते माहीत असायचं, ती आता आकड्यांवरून माणसांची खबर लावते आहे. मला त्या वेळी काही बोलता आलं नाही.

बारा नंबरच्या मावशी याच टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहतात. मध्यंतरी त्या चार दिवस तापाने झोपून होत्या, ते आईला आठवड्याने कळलं. माया तेवढीच आहे, फोनही रोज हाताशी असतो. पण फोन करायला काहीतरी कारण लागतं, आणि म्हाताऱ्या माणसाला उगाच कुणाला त्रास द्यायचा नसतो. गॅलरीत कारण लागत नव्हतं. पाणी भरायला निघालं की भेट व्हायचीच.

चाळीचं गुणगान करताना आमची पिढी एक गोष्ट सोयीने विसरते, म्हणून ती इथे लिहिते. संडास गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, सामायिक. रात्री-अपरात्री टमरेल घेऊन सगळ्यांच्या दारांवरून जाताना नव्या सुनेला काय वाटत असेल, हे कुणी विचारलं नाही. माझ्या काकूने ती तीन वर्षं कशी काढली, ते तिने मला फार उशिरा सांगितलं. घरात संडास-बाथरूम आलं याचा आईला झालेला आनंद मी पाहिला आहे, आणि तिचा तो आनंद परत घ्यावा असं मला कधीही वाटणार नाही. मला चाळ परत नको आहे. मला त्या चार फुटांचं काय झालं, हे विचारायचं आहे.

कारण घराच्या रचनेचा माणसाच्या प्रकृतीशी संबंध असतो, हे या शहराला शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांनी हजारो माणसं गमावली. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते त्याने काढले, तेही समुद्राची हवा आत यावी म्हणून. या ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम होता. खोलीत उजेड यायचा तर समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मं अंतर खिडकीपुढे मोकळं हवं, असा त्याचा साधा अर्थ.

आता गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये जाऊन पाहा. झोपड्यांतून हलवलेल्या माणसांसाठी तिथे सात-सात मजल्यांच्या इमारती उभ्या केल्या आणि मधे अंतर सोडलं जेमतेम तीन मीटर. उंची वीस मीटर धरली, तरी जुन्या नियमाने दहा मीटर सोडावं लागलं असतं. अशा वसाहतींत ऊन पोचत नाही, हवा खेळत नाही आणि त्याचा क्षयरोगाशी संबंध आहे, असं 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या अभ्यासातून २०१८ साली पुढे आलं. प्लेगनंतर शिकलेला धडा आपण गरिबांच्या घरांपुरता पुसून टाकला. मला याचा राग येतो.

आमच्या टॉवरमध्ये ऊन आहे, हवा आहे, सतराव्या मजल्यावर तर भरपूरच आहे. गेलं ते घर आणि रस्ता यांच्या मधलं ठिकाण. ते विकता येत नाही, म्हणून आराखड्यात त्याला जागा मिळत नाही. २०१२ साली नियम बदलून बाल्कनीसुद्धा एफएसआयमध्ये, म्हणजे बांधायला परवानगी असलेल्या क्षेत्रफळात, मोजायला लागले, तेव्हा कितीतरी नव्या इमारतींतून तीही गेली. कोकणातल्या घराला ओटी आणि पडवी असते, वाड्याला चौक असायचा, चाळीला गॅलरी होती. आत न बोलावता कुणालाही जिथे टेकता येईल, अशी जागा प्रत्येक पिढीच्या गवंड्याने ठेवली होती. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो आहे. चौकात आरती आणि वर गॅलऱ्यांतून माणसं, हे दृश्य मी लहानपणी कितीदा पाहिलं आहे. आमच्या टॉवरचा गणपती आता पार्किंगमध्ये दोन गाड्या हलवून बसतो.

नव्या बांधकामात हे जमतच नाही, असंही नाही. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात सात-सात घरं आठ मीटर बाय आठ मीटरच्या एकेका अंगणाभोवती बसवली. घर प्रत्येकाचं वेगळं, संडास आपापला, आणि अंगण सातांचं. तिथली कित्येक घरं मालकांनी आता पाडून वाढवली आहेत, पण अंगणं राहिली आहेत.

मागच्या दिवाळीत आईने खुर्ची दाराबाहेर, पॅसेजमध्ये मांडली. दुसऱ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधली छोटी मुलगी वही घेऊन तिच्यापाशी पाढे म्हणायला आली. आठवडाभर रोज येत होती. मग आगीच्या नियमाने पॅसेजमध्ये काही ठेवता येत नाही अशी सूचना लागली आणि खुर्ची आत गेली. नियम बरोबर आहे. त्या पॅसेजची रुंदीच एवढी, की एक खुर्ची मांडली तर वाट अडते.

तुमची चाळ, तुमची जुनी इमारत आज पुनर्विकासाला निघाली असेल, तर आराखडा समोर येईल तेव्हा कार्पेट एरियाचे आकडे नीट बघा, ते बघायलाच हवेत. पण सही करण्याआधी आर्किटेक्टला एवढं जरूर विचारा, की लिफ्टबाहेर उजेड कुठून येणार आणि कुणाची वाट न अडवता माझ्या आईने खुर्ची कुठे मांडायची. इमारत उभी राहिल्यावर हे विचारून उपयोग नसतो. आम्ही तेव्हा विचारलं नव्हतं.