वडिलांचा आवाज, मुलाची गिटार

माझ्या हातून लहानपणी एक चूक झाली होती. ती अद्याप मनातून गेलेली नाही. तिची हकिगत आधी सांगतो, म्हणजे पुढे मी गिटार, कॉम्प्युटर आणि वायरींचे पुराण का लावले आहे ते वाचकांच्या ध्यानात येईल.

१९९४ सालची गोष्ट. मूल तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलांची गायन पार्टी होती. ढोलकी, हार्मोनियम, बेंजो आणि चार-पाच गळे. चौदा एप्रिलला आणि लग्नकार्यात रात्र-रात्र गाणी चालत. त्या वर्षी नात्यातले एक मामा नागपूरहून टेपरेकॉर्डर घेऊन आले. त्यांनी एका बाजूला वडिलांची गाणी आणि दुसऱ्या बाजूला माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या. ती एकच कॅसेट. पुढच्या पावसाळ्यात आजी वारली. त्यानंतर वर्षभरात मी रेडिओवरची सिनेमाची गाणी टेप करायला कॅसेट शोधली, हाताला तीच लागली, आणि आजीच्या ओव्या कायमच्या पुसल्या गेल्या.

वडिलांनी मारले नाही. "गेलं ते गेलं," एवढेच म्हणाले. कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असतात, ते मोडून टाकले की तिच्यावर पुन्हा टेप होत नाही, हे मला पुढे कळले. तेव्हा घरात कोणाला माहीत होते!

आता आजच्याकडे येतो. नोकरीनिमित्त गेली पंधरा वर्षे माझे बिऱ्हाड हेमलकशात आहे. १९७३ साली इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, त्यामुळे हे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. मी मात्र साधा कारकून. दिवसा पर्लकोटेपलीकडे भामरागडला आवक-जावक सांभाळायची आणि संध्याकाळी लोकांचे दाखल्यांचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायचे, हा माझा क्रम. वडील आता माझ्याजवळ असतात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली, तेव्हा ते आठ वर्षांचे होते आणि आजोबांच्या खांद्यावर बसून गेले होते. आता त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. आवाजात अजून धार आहे, पण दोन कडवी म्हटली की दम लागतो.

माझा मुलगा चंद्रपूरला आयटीआय करतो. त्याला गिटारीचा नाद. सुटीत मंडप-डेकोरेशनच्या कामावर जाऊन त्याने पैसे साठवले आणि नागपुरात एक जुना गिटार प्रोसेसर विकत घेतला. मी रागावलो. घरात पंख्याची मोटर जळलेली आणि हा खेळणे आणतो! तो म्हणाला, "बाबा, याच्यानं आबाचं गाणं घरीच रेकॉर्ड करू ना जी." मग माझा राग गळाला. कॅसेट आठवली.

प्रोसेसर म्हणजे पायाने दाबायच्या बटणांची एक चपटी पेटी. गिटारीचा आवाज वायरीने तिच्यात जातो. तिथे त्या आवाजाचे आकडे होतात, आकड्यांवर हिशेब होतो आणि तोच आवाज घुमारा घेऊन, प्रतिध्वनी घेऊन किंवा फाटलेला, खरखरीत होऊन बाहेर पडतो. लहानशा खोलीत वाजवलेली तार मोठ्या सभागृहात वाजवल्यासारखी ऐकू येते. आमचा प्रोसेसर बॅटरीच्या सेलवर चालतो. पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नसलेल्या आमच्या भागात ही मोठी सोय.

आवाज नोंदवायला ऑडॅसिटी नावाचा प्रोग्राम घेतला. तो फुकट मिळतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली त्याचे काम सुरू झाले आणि २००० साली तो लोकांसाठी खुला झाला. ज्यांच्याजवळ स्टुडिओचे भाडे द्यायला पैसे नाहीत त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे.

पहिल्या दिवशी मुलाने प्रोसेसरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या माईकच्या भोकात घातली. आवाज आला, पण कसा? मागे सतत गुणगुण आणि तार जोरात छेडली की फाटका बांबू आपटल्यासारखा. मी कारण विचारले. मुलाने समजावून सांगितले ते असे. माईकचे भोक अगदी बारीक आवाजासाठी केलेले असते. प्रोसेसरमधून येणारा आवाज त्याच्या कितीतरी पट मोठा. शिवाय प्रोसेसरने आकड्यांचा आवाज करायचा आणि लॅपटॉपने त्या आवाजाचे पुन्हा आकडे करायचे, असा दुहेरी व्याप. टाईप केलेल्या पत्राची झेरॉक्स काढून ती पाहून पुन्हा टाईप करावी, तशातला हा प्रकार. चार्जर काढल्यावर गुणगुण कमी झाली, पण फाटलेपणा गेला नाही.

दुसरा मार्ग यूएसबीचा. या वायरीतून प्रोसेसरचे आकडे आकड्यांच्याच रूपात कॉम्प्युटरकडे जातात. आमच्या प्रोसेसरला चौकोनी तोंडाची वायर लागते, प्रिंटरला असते तशीच. ती मी ओळखली! वायर लावली, ऑडॅसिटी उघडले, रेकॉर्डचे लाल बटण दाबले. रेघ सरळच्या सरळ. मुलगा म्हणाला, "आवाजच नाही येऊन राहिला." इथे मात्र माझी कारकुनी उपयोगी पडली. ऑफिसात नवा प्रिंटर आला की त्याचा ड्रायव्हर टाकल्याशिवाय कॉम्प्युटर त्याला विचारत नाही. मी म्हटले, याचाही ड्रायव्हर असेल. होताच. पण तो इंटरनेटवरून घ्यायचा आणि आमच्याकडे नेट रांगत चालते. शेवटी आलापल्लीला एका कामासाठी गेलो होतो, तेथून पेनड्राईव्हवर उतरवून आणला.

ड्रायव्हर टाकला तरी रेघ सरळच. मग दोघांनी एकेक रकाना तपासला. ऑडॅसिटीत आवाज कुठून घ्यायचा आणि कुठे ऐकवायचा हे वेगवेगळे निवडावे लागते. कुठून घ्यायचा तिथे अजून लॅपटॉपचा माईकच होता. म्हणजे आवकच्या रजिस्टरात खाते चुकले होते! तिथे प्रोसेसरचे नाव निवडले आणि रेघ थरथरू लागली. मुलाने मला टाळी दिली.

ज्यांना असा प्रोसेसर घ्यायचा असेल त्यांनी एक गोष्ट दुकानातच विचारावी. यूएसबीचे भोक आहे म्हणजे त्यातून आवाज जाईलच असे नाही. काही प्रोसेसरांत ते फक्त आतली सेटिंग्ज बदलण्यासाठी असते. तसेच मोबाईलच्या काही वायरी केवळ चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही.

पुढची अडचण उशिराची. मुलाने तार छेडली की हेडफोनमध्ये ती क्षणभराने ऐकू यायची. ताल धरता येईना. कॉम्प्युटर टपाल एकेक करून पाठवत नाही, थोडे साचले की गठ्ठा पाठवतो. सीडीच्या दर्जाच्या नोंदीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. ५१२ नमुन्यांचा एक गठ्ठा केला तर जवळपास १२ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतून आवाज चार मीटर जातो. म्हणजे ढोलकीवाला चार मीटर लांब बसल्यासारखे, ते चालते. पण १०० मिलिसेकंद लागले तर तो ३४ मीटरवर बसल्यासारखा होतो, मग गाणे बसत नाही. आम्ही सोपा उपाय केला. ऑडॅसिटीतून वाजणारे स्वतःचे ऐकणे बंद केले आणि हेडफोन प्रोसेसरलाच लावला. तिथे गिटार लगेच ऐकू येते.

आवाजाच्या पातळीचा नियम तर कोणत्याही कारकुनाला कळेल. शून्य डेसिबल ही मंजूर रकमेची मर्यादा. त्यावर गेले की वरचे सारे कापले जाते आणि ते परत मिळत नाही. म्हणून सर्वांत मोठा आवाजही उणे सहाच्या खाली राहील असे बघावे. कमी असले तर नंतर वाढवता येते.

सारे जुळल्यावर वडिलांना बसवले. आधी गिटार वाजवून तिच्यावर गायला लावले. वडिलांना ते जमेना. "हे मले ओढत नेते," म्हणाले. मग उलट केले. पहाटे पंखा बंद करून, कोंबडे जागे व्हायच्या आत, त्यांना एकटे गाऊ दिले. गिटारीच्या भोकात माईक नीट चालत नाही, म्हणून त्यांचा आवाज मोबाईलवर नोंदवला आणि ऑडॅसिटीत आणला. मुलाने प्रोसेसरमधल्या यंत्रावर स्वर पाहिला. वडील काळी एकच्या जरा खाली गात होते. तेव्हा नातवाने गिटारीच्या तारा तेवढ्या उतरवून घेतल्या. आबांची पट्टी तशीच राहू दिली. हे मला फार आवडले.

त्या रात्री मुलगा उशिरापर्यंत बसला. सकाळी त्याने वडिलांना गाणे ऐकवले. आवाज असा घुमत होता, जणू मोठ्या मैदानावर कर्णे लावले आहेत. धापेचा आवाज त्याने कापून टाकला होता. वडिलांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "हा कोन गाऊन राहिला?"

मुलाचा चेहरा उतरला. तो पूर्वीचे परत आणायला गेला, तर जमेना. ऑडॅसिटीत मागे जाण्याची सोय आहे, पण काम सेव्ह करून प्रोग्राम बंद केला की ती राहत नाही. आवाजावर चढवलेला घुमारा पुन्हा धुऊन काढता येत नाही. मोबाईलवरची नोंदही त्याने जागा करण्यासाठी पुसली होती.

मी उठलो आणि कपाटातून पेनड्राईव्ह काढला. पहाटेचे रेकॉर्डिंग झाल्याबरोबर मी एक प्रत त्यावर ठेवली होती. फाईलला नाव दिले होते, "मूळ – हात लावू नये". ऑफिसात आम्ही मूळ कागद फाईलला लावतो आणि शेरे मारायचे ते झेरॉक्सवर. आजीच्या कॅसेटने शिकवलेला धडा तीस वर्षांनी कामी आला.

तेव्हापासून आमच्या घरी नियम ठरला आहे. गळा असो की गिटार, आधी कोरी नोंद करायची. प्रोसेसरवरही घुमारा न लावता एक वेगळी नोंद ठेवायची. कोऱ्यावर मागाहून काहीही चढवता येते, चढवलेले उतरवता येत नाही. मूळ डब्ल्यूएव्ही फाईल ठेवायची. एका बाजूची नोंद मिनिटाला साधारण पाच एमबी जागा घेते, म्हणजे सहा मिनिटांचे गाणे तीस-बत्तीस एमबी. ती जागा महाग नाही. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवायच्या. सोबत गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि गाणे कोणाकडून शिकले हे वहीत लिहायचे.

नवी नोंद तयार झाली. तीत दोन कडव्यांनंतर वडील थांबतात, दम घेतात. मुलाने तिथे गिटार हळू केली आहे, आजोबा पुन्हा सुरू करेपर्यंत. वडिलांनी ऐकून मान डोलावली आणि चहा मागितला.

शेजारचा एक माडिया तरुण परवा विचारत होता, त्याच्या आईची रेला गाणी अशी ठेवता येतील का. तिची परवानगी घेऊन ये म्हटले, सेल मी आणतो.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरी गाणारे वडीलधारे असतील. प्रोसेसर नसला तरी मोबाईल आहे. या रविवारी पंखा बंद करा, त्यांना गाऊ द्या, आणि मूळ प्रतीला हात लावू नका. माझ्या आजीच्या ओव्या आता कोणालाच येत नाहीत.