तिरफळाची झिणझिण

तिरफळाच्या झाडावर चढायचा विचार कुणी करत नाही. खोडावर जाड बुडाचे, टोकदार काटे, फांद्यांनाही काटे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात पावसाळा सरता सरता हिरवे घोस दिसू लागले की लांब बांबूला कोयती बांधायची, खाली जुनं लुगडं पसरायचं आणि घोस ओढून पाडायचे. कुडाळजवळच्या एका वाडीत शेजारच्या काकींबरोबर हे काम करताना माझ्या वाट्याला वेचणी आली. वेचतानाच बोटांना वास चिकटला. लिंबाच्या सालीचा, पण त्याखाली काहीतरी लाकडी, उग्र.

हे झाड लिंबू-संत्र्याच्याच कुळातलं, त्यामुळे त्या वासाचं नवल नाही. नवल पुढचं. एक हिरवं फळ दाताखाली जरासं चेपलं. तिखट असं काही लागलं नाही. मग ओठांच्या कडेला मुंग्या आल्या, त्या जिभेवर पसरल्या, तोंडाला पाणी सुटलं, आणि काकी हसत बघत राहिल्या.

या झिणझिणीमागे सॅनशूल नावाची द्रव्यं असतात. चीनमधल्या सिच्वान मिरीत ती भरपूर. सिच्वान मिरी तिरफळाची सख्खी चुलत बहीण, नेपाळचा टिमूर आणि जपानची सान्शो त्याच घरातल्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 2013 मध्ये लोकांच्या ओठांना सिच्वान मिरी लावली आणि ती थरथर बोटाला दिलेल्या यंत्राच्या कंपनांशी ताडून पाहायला सांगितली. उत्तर आलं सेकंदाला सुमारे 50 कंपनं. म्हणजे ही निव्वळ चव नव्हे; स्पर्श ओळखणाऱ्या नसाच चाळवल्या जातात.

नातं जवळचं असलं, तरी पाककृतींत ‘तिरफळ नसेल तर सिच्वान मिरी घाला’ असं वाचलं की मला पटत नाही. सिच्वानी स्वयंपाकात ती मिरी भाजून, कुटून, सुक्या मिरचीच्या जोडीनं मापो तोफूसारख्या पदार्थात जाते. आपल्याकडे मासळीच्या कालवणात तिरफळ कुटून घालत नाहीत. कुटलं तर कालवणाला औषधाचा वास येतो आणि बांगडा बिचारा बाजूला राहतो.

वेचलेली फळं उन्हात वाळली की उकलतात. आत काळी, चकचकीत बी असते. काकींनी सुपात मूठभर फळं घेऊन दाखवलं. सालं चोळायची, बी घरंगळते, ती फेकायची. “बी ठेवू नको. तेका चव नाय, नुसती कचकच.” उरलेली तपकिरी टरफलं हाच मसाला. ती घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवायची. गोव्यात ओली फळं मिठाच्या पाण्यातही मुरवून ठेवतात.

त्या दुपारी बांगडे होते. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद आणि चिंच पाट्यावर गंधासारखं वाटलं. कांदा नाही, लसूण नाही. वाटण पातळ करून उकळी आली, तुकडे सोडले आणि मग आठ-दहा तिरफळं नुसती चेचून टाकली. फोडणी द्यायचीच नव्हती. उतरवल्यावर वरून कच्चं खोबरेल. बांगडा, तारली, पेडवे यांसारख्या तेलकट मासळीलाच तिरफळ खरं शोभतं, असं माझं मत. मासळीचा उग्र वास लिंबाळ सुगंधानं कापला जातो आणि रसाला धार येते. पापलेटसारख्या सौम्य मासळीवर मी तरी ते घालणार नाही.

खाताना तिरफळ चावायचं नाही, कढीलिंबाच्या पानासारखं ताटाच्या कडेला सारायचं. पाहुण्याला आधी सांगावं लागतं, एवढंच.

मासळी न खाणाऱ्यांनाही ते परकं नाही. सारस्वतांच्या घरांत तूरडाळीच्या आमटीत ते पडतं, मक्याच्या कणसाचे तुकडे घातलेल्या खोबऱ्याच्या रसातही पडतं. तिथे चिंच थोडी हात राखून घालावी, नाहीतर आंबटपणा वर येतो आणि झिणझिण मागे पडते.