शेवटचा घास गोड

दिवाळीच्या अंकात गोडाविरुद्ध लिहायला बसणे म्हणजे लग्नघरी जाऊन वैराग्यावर प्रवचन झोडण्यासारखे आहे, हे मला कळते. वाचकांच्या एका हातात हा अंक असेल, दुसऱ्या हातात करंजी असेल, आणि याच पानावर कोणाचे तरी तुपकट बोट उमटलेले असेल. त्यांच्या आनंदात मिठाचा खडा टाकायची माझी मुळीच इच्छा नाही. माझी तक्रार करंजीविरुद्ध नाही. बेसनाच्या लाडवाविरुद्ध तर नाहीच नाही. तक्रार आहे ती माझ्याच पोटाविरुद्ध. आणि या पोटाची गोष्ट सांगायची तर ती माझ्या आईच्या पितळी डब्यापासून सुरू करावी लागते.

हा डबा आमच्या घरात माझ्याहूनही जुना आहे. त्याच्या झाकणाला एक पोचा आहे. लहानपणी तो माझ्या हातून पडला त्या दिवसाची ती खूण. रात्रीची जेवणे आटोपली, ताटे उचलली गेली, की आई भिंतीला धरत धरत कपाटापाशी जाते. तिचे वय आता पंच्याऐंशी. डबा उघडून ती माझ्या तळहातावर काहीतरी ठेवते. कधी नारळाची वडी, कधी रव्याचा लाडू, कधी घरी कोणी आणून दिलेला पेढा. जिन्नस बदलत असतो. शब्द बदलत नाहीत. "घे. शेवटचा घास गोड असावा." माझी साठी उलटली आहे, मला दोन नातवंडे आहेत, पण त्या क्षणी मी हात पुढे करून उभा असतो तो थेट अर्ध्या चड्डीतला मुलगा होऊन.

गेल्या दोनएक वर्षांत या गोड घासाचा हिशेब मला रात्री चुकता करावा लागू लागला. दीडच्या सुमारास जाग येई. छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखी जळजळ, घशाशी आंबट पाणी, आणि पोटात मृगाच्या ढगांचा गडगडाट. उशीवर उशी रचून मी खिडकीशी बसून राही. समोरच्या इमारतीचा रखवालदार फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेला दिसे. साऱ्या आळीत आम्ही दोघेच जागे. त्याला निदान पगार तरी मिळत होता. "अहो, कोण चोर यायचाय म्हणून राखण करताय?" असे ही झोपेतच विचारी आणि कुशीवर वळे.

शेवटी डॉक्टर झाले, दुर्बिणीतून तपासणी झाली. व्रण नव्हता, भिण्यासारखे काही नव्हते. "तुमचं पोट जरा हळवं आहे," डॉक्टर म्हणाले. माणसाचे मन हळवे असते एवढेच मी आजवर ऐकले होते. पोटालाही तो गुण असू शकतो, हे मला नवीन होते.

डॉक्टर समजावून सांगणारे होते. तुपातले आणि खव्यातले पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात. भरल्या पोटावर असा जड पदार्थ गेला आणि माणूस तासाभरात आडवा झाला, की जठरातले आम्ल उलटे अन्ननलिकेत चढते. तिथे झडप असते, पण झडप म्हणजे कुलूप नव्हे. शिवाय दुधातली साखर पचवणारे पाचक द्रव्य पुष्कळ माणसांत मोठेपणी कमी होते. मग बासुंदीतली ती साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि वायू सोडतात.

"म्हणजे मेजवानी त्यांची आणि जागरण माझं?" मी विचारले.

"अगदी बरोबर," ते म्हणाले, आणि त्यांनी कागदावर तीन कलमे लिहून दिली. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर. पलंगाची उशाकडची बाजू थोडी उंच. आणि रात्रीच्या जेवणानंतरचे गोड बंद. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेले मापही त्यांनी ऐकवले: पदार्थांत वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाच्या आत असावी, आणि जमल्यास त्याच्याही निम्मी, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. चहाचे सहा चमचे. "तुमची एवढी साखर तर चहातच संपत असेल," ते म्हणाले. मी मनातल्या मनात कप मोजले आणि गप्प बसलो.

घरी येताना मी विचार करू लागलो, की जेवणाच्या शेवटी गोड ही रीत आपली आहे तरी का? सुश्रुतसंहितेत सांगितलेला क्रम नेमका उलटा आहे: आधी मधुर, मध्ये आंबट नि खारट, आणि बाकीचे रस शेवटी. आपली पंगत आठवून पाहा. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये वरणभात आणि त्यावर तूप. पुरणपोळी काय, जिलबी काय, ती भर पंगतीत यायची. आग्रह आणि पैजा व्हायच्या त्या भूक जागी असताना. आणि शेवट? शेवट ताकभाताचा. ताकाचा शेवटचा घोट घेतला की माणूस पानावरून उठायला मोकळा. जेवण संपल्यावर निराळी बशी घेऊन गोड खायचे हे साहेबाच्या मेजावरचे वळण. त्या गोडाला जो 'डेझर्ट' शब्द आहे तो मूळचा फ्रेंच. ज्या क्रियापदापासून तो निघाला त्याचा अर्थच मुळी पाने उचलणे. पाने उचलल्यावर आपल्याकडे फार तर विडा यायचा.

एवढे पांडित्य जमा झाल्यावर आईपुढे उभे राहायला हरकत नव्हती. पण मला ते धैर्य होईना. कारण आईचा तो शेवटचा घास सुश्रुताकडून आला नव्हता, तसा फ्रान्सकडूनही आला नव्हता. तो आला होता १९७२ सालाकडून.

तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. वडील पाथर्डी तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. जिल्हा अहमदनगर, आता त्याला अहिल्यानगर म्हणतात. याच जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला होता. पण साखरेच्या या जिल्ह्यात दोन जगे नांदत होती. कालव्याकाठचे लोक ऊस लावीत, आणि आमच्याकडचे लोक दिवाळी झाली की बैलगाड्या जुंपून तो तोडायला जात. आमच्या वाट्याला ऊस यायचा तो कोयत्याच्या रूपाने.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. विहिरींचे तळ उघडे पडले. गावातले बाप्ये आणि बाया खडी फोडायला, पाझर तलावाची माती उपसायला जाऊ लागल्या. तिथे सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो येई. त्याच्या भाकरीला ना चव ना ओलावा. घास तोंडात फिरत राही, खाली उतरत नसे. वडिलांना पगार होता म्हणून आम्ही उपाशी नव्हतो. पण काकांची तीन मुले आमच्याकडे राहायला आली होती, आणि सात तोंडांत भाकरी मोजून वाटावी लागे. वाटणीची भाकरी संपली की आम्ही पाचही मुले ताटाकडे पाहत बसून राहत असू. कोणी मागत नसे. मागून काय होणार हे मुलांनाही कळत होते.

त्या वेळी आई पितळी डबा उघडी. आत गूळ असे. त्याचा बोराच्या आठोळीएवढा एकेक खडा ती प्रत्येकाच्या जिभेवर ठेवी. "चावू नका रे, चघळा. शेवटचा घास गोड असावा, म्हणजे झोप चांगली लागते." तो चघळत आम्ही अंथरुणावर पडत असू. गूळ विरघळायच्या आत कोणाला झोप लागते, अशी आमची शर्यत असे. आपले पोट भरलेले नाही हे आठवायला वेळच मिळत नसे. तिने स्वतःच्या जिभेवर खडा ठेवलेला मात्र मला आठवत नाही.

त्या हाताने दिलेली वडी नको म्हणायची, ती कोणत्या तोंडाने?

म्हणून मी लबाडी सुरू केली. वडी घ्यायची, तोंडाकडे हात न्यायचा, आणि पाठ फिरवून ती सदऱ्याच्या खिशात टाकायची. सकाळी फिरायला जाताना ती कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या मुलाला मिळे. साडेसातलाच जेवायचा नेम मी घरात वेगळ्याच सबबीवर लावून दिला. तीन आठवडे हे बिनबोभाट चालले. मला झोप लागू लागली; इस्त्रीवाल्याचा मुलगा लांबून हात हलवू लागला. मग एका रविवारी मी खिशातली वडी विसरलो. दुपारपर्यंत खुंटीवरच्या सदऱ्यापासून थेट उंबऱ्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली. आईची नजर आता अधू झाली आहे असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण ती रांग घरात पहिल्यांदा दिसली ती तिलाच.

ती काही बोलली नाही. खिशातून वडी काढली, सदरा झटकला आणि पुन्हा खुंटीला लावला. त्या रात्री डबा निघाला नाही. दुसऱ्या रात्री नाही, तिसऱ्याही नाही. जेवण झाले की ती आपल्या खोलीत जाऊन दिवा मालवी. माझे पोट शांत होते; पण झोप पुन्हा गेली.

चौथ्या रात्री मी तिच्या खाटेशी जाऊन बसलो.

"आई, रागावलीस?"

"रागावू कशाला? आवडत नाही तर तसं सांगायचं होतंस."

"आवडतं गं. सोसत नाही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

ती उठून बसली. "दोन वर्षं! आणि मी रोज रात्री तुझ्या हातावर दुखणं ठेवत होते होय?"

मग मी तिला सगळेच सांगितले: डॉक्टर, दुर्बीण, आणि तो गुळाचा खडा. तो आठवला की मला नाही म्हणवत नव्हते, हेही सांगितले. ती जरा वेळ गप्प राहिली.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "तेव्हा तुमची पोटं भरत नव्हती. भाकरी वाढवता येत नव्हती, म्हणून गूळ देत होते. पोटं भरली असती तर कशाला दिला असता? आता भरल्या पोटावर आणखी ओझं कशासाठी?"

"मग इतकी वर्षं देत का होतीस?"

"तू रोज हात पुढं करत होतास म्हणून."

यावर मला काही बोलता आले नाही. एका दुष्काळाची शिदोरी आम्ही दोघे पन्नास वर्षे एकमेकांच्या भिडेने वाहत होतो. आणि ती खाली ठेवायला पाच मिनिटांचे बोलणे पुरले.

दुसऱ्या दिवशी झोपायच्या वेळी पितळी डबा पुन्हा निघाला. आई माझ्या तळहातावर काय ठेवते ते पाहायला हीसुद्धा दारात येऊन उभी राहिली. तव्यावर भाजलेली बाळंतशोप होती, थोडा ओवा घातलेली. "अगं बाई, बाळंतशोप!" ही तोंडाला पदर लावून म्हणाली, "आई, आता यांच्यासाठी बाळंतविडाही करायला हवा." बाळंतशोपेचा मला किती गुण येतो ते मी डॉक्टरांना विचारलेले नाही. तिने बाधत नाही, एवढे खरे.

गोडाशी माझे भांडण असे मिटले. पहिले पंधरा दिवस जीभ रात्री कुरकुरली, मग तिची सवय मोडली. सणावाराला पुरणपोळी आता दुपारी पानावर येते, भूक ताजी असताना. अर्धीच, पण चवीने. रात्री शेवट ताकभाताचा. या दिवाळीतही पहाटेचे अभ्यंगस्नान झाले की मी फराळाला बसणार आहे, आणि त्या वेळी माझ्या ताटलीतला लाडू कोणी मोजू नये.

आईने शब्द मात्र बदललेले नाहीत. "घे. शेवटचा घास गोड असावा," असेच ती अजून म्हणते. बाळंतशोप चवीला जराशी कडवटच. पण ती चघळत मी अंथरुणावर पडतो, आणि ती संपायच्या आत मला झोप लागते.