ग्रानादातील आजीबाई आणि चलथाणचा ऊस

चलथाणची पहिली ओळख पाहुण्याला होते ती नाकाने. सहकारी साखर कारखान्याचा हंगाम चालू असला, की मळीचा गोडसर आंबूस वास थेट स्टेशनापासून सोबत करतो. दुसरी ओळख गच्चीवर होते. तोडणीपूर्वी फड पेटवून देण्याची दक्षिण गुजरातेत रीत आहे. त्यामुळे संध्याकाळी आभाळातून काळी, हलकी, वळलेली राख उतरते आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर बसते. ती झटकावयाची नसते, फुंकावयाची असते, नाहीतर डाग पडतो. हे आमच्या गावच्या मुलींना अक्षरओळखीच्या आधी कळते.

आम्ही दोघी चुलत बहिणी याच गावच्या. आजोबा नोकरीनिमित्त येथे आले व येथलेच झाले. घरात मराठी, दारात गुजराती, असा आमचा संसार. २०१४ च्या वसंतात स्पॅनिश शिकण्यासाठी आम्ही चार महिने ग्रानादाला गेलो. तेथील विद्यापीठ १५३१ सालचे. परदेशी विद्यार्थ्यांना भाषा शिकविण्याचे त्याचे एक केंद्र आहे, आणि अशा विद्यार्थ्यांनी एखाद्या कुटुंबात राहावे ही तेथील जुनी सोय. आमच्या वाट्याला सत्तरी ओलांडलेल्या एक आजीबाई आल्या. तिसऱ्या मजल्यावरचे लहानसे घर. त्या आणि त्यांची अविवाहित लेक.

पहिले पंधरा दिवस आम्ही हसण्यावर निभावले. दुपारचे जेवण तीन वाजता, रात्रीचे दहाला. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर आजीबाईंनी समजूतदारपणे मान हलविली आणि डुकराच्या मांसाच्या पातळ चकत्या पुढे केल्या. ते त्यांच्या लेखी मांसात मोडत नव्हते. आम्ही गुजरातेतून आलो हे सांगताना फादर वालेस यांचे नाव घेतले. लोग्रोन्यो येथे १९२५ साली जन्मलेला हा स्पॅनिश धर्मगुरू अहमदाबादेत गणित शिकवी, गुजरातीत लिही, आणि कित्येक वर्षे तेथील पोळांमधून घरोघर पाहुणा म्हणून राहिला. २०२० साली ते माद्रिदला वारले. आजीबाईंना त्यांचे नाव ठाऊक नव्हते. “परक्याच्या घरी? इतकी वर्षे?” एवढेच त्या म्हणाल्या आणि आमच्या ताटात आणखी एक बटाटा पडला.

एके दिवशी वांग्याचे तळलेले काप आले. त्यांवर काळसर, दाट असे काही ओतलेले होते. पहिल्या घासालाच आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. काकवी! तिला तेथे ‘मिएल दे कान्या’, म्हणजे उसाचा मध, म्हणतात. अंदालुसियाच्या किनाऱ्यावर अरबांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी ऊस आणला. आपली शर्करा इराणात शकर झाली, अरबीत सुक्कर आणि स्पॅनिशमध्ये आसूकार. आम्ही मोडक्यातोडक्या भाषेत, पण मोठ्या ऐटीने, सांगितले, की आमचे गावच उसाचे.

आजीबाईंनी विचारले, “आणि तो तोडतं कोण?”

“माणसं,” आम्ही म्हटले.

“कुठली?”

“बाहेरची.”

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, “मीही बाहेरची होते.” त्यांचे माहेर आल्पुहारा या डोंगराळ मुलखातले. दर वसंतात बाप मोत्रिलच्या किनाऱ्यावर ऊसतोडीला उतरे, बरोबर आई आणि ही मुलगी, सगळ्यांचे रांधायला. तेथेही फड पेटवीत. बाप संध्याकाळी येई तो काळा होऊन. डोळे तेवढे पांढरे. “आणि गावातल्या बायका,” आजीबाई सांगत होत्या, “आमच्याकडे बघून चादरींवरच्या राखेबद्दल कुरकुरायच्या.”

आम्ही खाली बघून जेवत राहिलो. कोणत्या बायकांबद्दल त्या बोलत होत्या ते आम्हांला चांगले ठाऊक होते.

पुढच्या रविवारी त्या आम्हांला बसने सालोब्रेन्याला घेऊन गेल्या. खडकावर पांढरी घरे, माथ्यावर अरबांचा किल्ला, खाली समुद्र. सारे देखणे, पण आमचे डोळे ऊस शोधीत होते. तो कोठेच नव्हता. तेथील कारखाना २००६ साली बंद पडला. उसापासून साखर करणारा युरोपच्या भूमीवरचा तो शेवटचा. आता शेतांत आवाकादो, आंबा आणि चिरिमोया, म्हणजे आपल्या सीताफळाची मावसबहीणच. आजीबाईंनी एक चिरिमोया फोडून आम्हांला दिले, स्वतः मात्र खाल्ले नाही.

डिसेंबरात चलथाणला राख पडू लागली तेव्हा आम्ही पडावावर गेलो. घरापासून दहा मिनिटांची वाट, पण जन्मात प्रथमच. बांबूच्या चटया आणि प्लॅस्टिक यांच्या कोप्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल हंगामभर फेडायची. कोणी डांगचे, कोणी नंदुरबारकडचे. आमच्या स्टेशनातून जाणारी ताप्ती खोऱ्यातील रेल्वे थेट त्यांच्या मुलखात जाते, हे आम्ही वेळापत्रकात वाचले होते, मनात कधी आले नव्हते. नवापूरकडच्या एका बाईला आमचे मराठी समजले, तिचे आम्हांला निम्मे. “तुम्ही त्या गच्चीवाल्या ना?” ती म्हणाली. तिने आम्हांला कित्येकदा पाहिले होते.

ग्रानादाची हकीकत तिने चुलीशी बसून ऐकली. तेथे आता ऊसच नाही म्हटल्यावर तिने विचारले, “मग ती माणसं कुठं जातात?”

आम्ही हे आजीबाईंना विचारलेच नव्हते. पत्र लिहिले. उत्तराला फार वेळ लागला. हस्ताक्षर लेकीचे होते. थोरला भाऊ जर्मनीला गेला, धाकटा बार्सिलोनाला, दोघेही कारखान्यांत. बाप डोंगरातच राहिला आणि खाली पुन्हा कधी उतरला नाही.

ते सांगायला आम्ही पडावावर गेलो तेव्हा एप्रिल संपला होता. कोप्या उठल्या होत्या. चुलींचे दगड तेवढे जागच्या जागी होते.